जुगुप्सेच्या पलीकडे

नील मार्शल यांचा ‘द डिसेंट’ हा २००५ सालचा चित्रपट मी केवळ एक सामान्य प्रेक्षक म्हणून पाहिला. परंतु अ‍ॅपलेशियन पर्वतातील अज्ञात गुहेत अडकलेल्या सहा स्त्रियांवर नरभक्षक जीव तुटून पडताना मनात जी जुगुप्सा दाटली, ती रक्तपाताच्या दृश्यांबरोबर ओसरली नाही. भरतमुनींनी जुगुप्सेला बीभत्साचा आणि भयाला भयानकाचा स्थायीभाव मानले आहे. तथापि माझा खरा थरकाप उडाला तो ते जीव प्रकटले तेव्हा नव्हे, तर त्या सहाजणींपैकी सारा हिने सूडापोटी आपल्याच सखीच्या, जूनोच्या, पायावर घाव घालून तिला त्यांच्या हवाली केले तेव्हा. देह शाबूत राखण्याच्या धडपडीत करुणाच लोपली, तर अखेर वाचले कोण? जीवितरक्षण हा धर्म खराच. पण सूडबुद्धी ज्या क्षणी त्या धर्माचा वेष घेते, त्या क्षणी माणूस गुहेबाहेर पडूनही अंधारातच राहतो, अशी माझी श्रद्धा आहे.