तास कोणाचा?

उजनी धरणाच्या काठावरच्या पळसदेवच्या बाजूला शाळेतल्या खेळाचा विषय काढला की एक उत्तर हमखास मिळतं : "आमची पोरं रानात राबणारी. त्यांना आणि कसला व्यायाम?" उत्तर वरवर बिनतोड आहे. उसाला पाणी द्यायला रात्रीची वीज आली की सातवीतलं पोर बापामागे बॅटरी धरून बांधावर उभं असतं. मुलगी शाळेआधी गोठ्यातलं शेण काढते, धाकट्या भावाला आंघोळ घालते. हाडाला काम मिळतं, यात वाद नाही.

पण रानात त्या हाडाचा हिशेब असतो. किती सऱ्या भिजल्या, किती भारे झाले, अजून किती राहिलं. तेच वाकणं, तेच उचलणं, आणि कधी थांबायचं हे दुसऱ्याने ठरवायचं. मैदानावर त्याच शरीराला कुणी काम सांगत नाही. धावायचं, तर पकडलं जाऊ नये म्हणून. उडी मारायची, तर पलीकडे पोचता येतं का बघायला. अकरा ते चौदा वर्षांच्या मुलाच्या दिवसात अशी वेळ फार थोडी असते, जेव्हा त्याचं अंग त्याच्या स्वतःच्या मालकीचं असतं. वेळापत्रकात त्या वेळेपुढे 'शा. शि.' एवढी दोनच अक्षरं असतात.

आणि नेमका तोच तास उसना घेतला जातो. "आज गणिताचं तेवढं घेतो, उद्या तुम्हाला सोडतो." हे वाक्य ऐकलं नाही असा मराठी शाळेतला माणूस मला तरी भेटलेला नाही. उद्या इंग्रजीचं राहिलेलं असतं. गणिताचा तास मात्र मैदानाला कुणी उसना दिल्याचं ऐकिवात नाही. शिक्षकांची बाजू मला कळते. शिष्यवृत्तीची परीक्षा आहे, एनएमएमएसची परीक्षा आहे, ऑनलाइन माहिती भरायची आहे, मतदार यादीचं काम आहे. त्यांचाही वेळ कुणीतरी घेतलेलाच असतो. तरीही ज्याला 'नाही' म्हणता येत नाही, त्याच्याकडून घेतलेलं उसनं हे उसनं नसतं. शेजाऱ्याची वाटीभर साखर आपण लक्षात ठेवून परत करतो. पन्नास मुलांचा अर्धा-पाऊण तास मात्र कुणाच्याच खात्यावर पडत नाही.

कायदा काय म्हणतो तेही पाहू. 2009 च्या शिक्षण हक्क कायद्याच्या परिशिष्टात मैदान आहे. स्वच्छतागृह, पिण्याचं पाणी आणि स्वयंपाकघर यांच्याच रांगेत. प्रत्येक वर्गाला लागेल तसं खेळाचं साहित्य द्यायचं आहे. सहावी ते आठवीसाठी वर्षाला किमान 220 दिवस आणि 1000 तासांचं अध्यापन सांगितलं आहे. शारीरिक शिक्षणाचा अंशकालीन निदेशक मात्र सहावी ते आठवीत मिळून शंभराहून जास्त मुलं असतील तरच. म्हणजे वाडीवस्तीवरच्या छोट्या शाळेत ज्या बाई भाषा शिकवतात, त्यांनीच शिट्टीही वाजवायची. जागतिक आरोग्य संघटना 5 ते 17 वयासाठी रोज सरासरी 60 मिनिटं दम लागेल अशी हालचाल सांगते. आपल्याकडे शा. शि.चा तास बहुधा खिचडीनंतरच्या उन्हात किंवा अगदी शेवटी येतो. तेव्हा निम्म्यांची नजर दप्तरावर आणि उरलेल्यांची एसटीवर असते.

याच वयात मुली मैदान सोडतात. त्यांना कुणी 'खेळू नका' म्हणत नाही. पाळी सुरू झालेली असते, स्वच्छतागृहाला पाणी नसतं, ओढणी सांभाळायची असते, कुंपणापलीकडे कुणी ना कुणी उभं असतं. सहावीत सगळ्यांच्या पुढे पळणारी मुलगी आठवीत गुण लिहायला बसलेली दिसते, आणि आपण म्हणतो, तिला आवड राहिली नाही.

शिक्षेचा भाग तर मला उघड अन्यायाचा वाटतो. गृहपाठ नाही, काढ उठाबशा. उशीर झाला, मार मैदानाला फेऱ्या. दंगा केला, आज ग्राउंड बंद. व्यायाम हीच शिक्षा, आणि व्यायाम काढून घेणं हीसुद्धा शिक्षा! मुलाने यातून नेमकं काय समजायचं?

खो-खोचे नियम पुण्याच्या डेक्कन जिमखान्याने बांधले, 1914 च्या सुमारास. जानेवारी 2025 मध्ये दिल्लीत या खेळाचा पहिला विश्वचषक झाला. पुरुष आणि महिला असे दोन्ही चषक भारताने जिंकले. दोन्ही कर्णधार महाराष्ट्राचे होते, प्रतीक वाईकर आणि प्रियांका इंगळे. अभिमान वाटावा असंच आहे. पण शाळेत संघ निवडला गेला की उरलेल्या वर्गाचा खेळ टाळ्या वाजवण्यापुरता उरतो. हंगामात बीड-नगरकडून ऊसतोडीच्या कोयत्यावर आलेल्या कुटुंबांची पोरं शाळेत आलीच, तर ती या उरलेल्यांतही शेवटी असतात. खो मिळाल्याशिवाय उठायचं नाही, हा पाटीवर बसलेल्याचा नियम. वर्षभर खो न देणारा खेळ मात्र नियमात कुठेच नाही.

पळसदेवपुरता आणखी एक विषय आहे, आणि तो मला सगळ्यात निकडीचा वाटतो. हे गाव उजनीच्या पाण्यामुळे जागा बदललेलं. जुनं पळसनाथाचं मंदिर धरणात गेलं. पाणी फार आटलं तर उन्हाळ्यात वर येतं आणि माणसं बघायला जातात. धरणाआधीची पोरं भीमेच्या पात्रात आपोआप पोहायला शिकत. जलाशयाचा काठ तसा नाही. गाळ आहे, वारा सुटला की लाटा उठतात. मे 2024 मध्ये कुगावहून कळाशीकडे येणारी बोट वादळी वाऱ्यात उलटली आणि सहा जण बुडाले. एक जण पोहत काठाला लागला. पोहता येत असतं तर बाकीचे वाचले असते, असं मी म्हणणार नाही. वाऱ्यापुढे पोहणाऱ्याचंही चालत नाही. पण शिवारात जागोजागी प्लास्टिक अंथरलेली शेततळी आहेत. त्यात पाय घसरला की कडेला हात ठरत नाही. तरी शारीरिक शिक्षण म्हणजे अजून सावधान, विश्राम आणि हात वर.

तरंगायला शिकवणं, शेततळ्याच्या कडेला दोर आणि रिकामे कॅन बांधून ठेवायला लावणं, बुडणाऱ्याच्या अंगावर उडी न घेता दोर फेकायला शिकवणं, हेही शारीरिक शिक्षणच. यातलं शेवटचं तर कोरड्या मैदानावरही जमतं. शिकवणारा पुण्याहून आणायची गरज नाही. भल्या पहाटे जाळी ओढून भिगवणच्या बाजारात मासळी पोचवणारी भोई मंडळी याच काठावर राहतात, आणि पाण्याबद्दल त्यांना जे कळतं ते बी.पी.एड.च्या पदवीत मिळत नाही. अडचण परवानगीची आहे, आणि काही झालं तर जबाबदार कोण याची. मुख्याध्यापकांची ही भीती खोटी नाही. म्हणून सही एकट्या मुख्याध्यापकांची नको. शाळा व्यवस्थापन समितीत निम्म्याहून जास्त पालकच असतात. त्यांनी पुढच्या बैठकीत आधी एवढंच विचारावं, की गेल्या महिन्यात शा. शि.चे किती तास झाले आणि किती गणिताने नेले. ते उत्तर लिहून घेतल्यावर पाण्याचा विषय काढावा.