ज्ञानदान की ज्ञानऋण?

शिक्षकाचा सत्कार असला म्हणजे वक्त्यांच्या तोंडी एक शब्द हमखास येतो, तो म्हणजे ‘ज्ञानदान’. अमुक गुरुजींनी तीस वर्षे ज्ञानदानाचे पवित्र कार्य केले, असे आपण म्हणतो आणि टाळ्या वाजवतो. शब्दात आदर आहे, म्हणून त्याला हरकत घ्यावी असे कोणाला वाटत नाही. तरीपण दान म्हणजे काय, याचा जरा विचार करावा. दान हे देणाऱ्याच्या मालकीच्या वस्तूचे असते. त्याने दिले तर तो उपकार, न दिले तर त्याला कोणी जाब विचारीत नाही. घेणाऱ्याने मात्र हात पसरायचा आणि मान खाली घालायची. ज्ञानाची गोष्ट अशीच आहे काय? शिकलेल्या माणसापाशी जे ज्ञान असते ते त्याच्या मालकीचे, की कोणाकडून तरी उसने आणलेले?

हा प्रश्न केवळ शब्दांचा नाही. आपल्या देशात विद्यापीठांनी चार भिंतींबाहेर पडून लोकांच्या उपयोगी पडावे, अशी खटपट बरीच वर्षे चालू आहे. गांधीजींच्या जन्मशताब्दीच्या वर्षी, म्हणजे १९६९ साली, ३७ विद्यापीठांतून राष्ट्रीय सेवा योजना सुरू झाली. २०१४ साली केंद्र सरकारने उन्नत भारत अभियान सुरू केले. त्यात उच्च शिक्षणाच्या संस्थांनी आसपासची गावे निवडावी आणि आपले ज्ञान त्यांच्या अडचणी सोडवण्यासाठी वापरावे, अशी योजना आहे. हेतू उत्तम आहे. पण अशा कामाला आपण सहज ‘गाव दत्तक घेणे’ म्हणतो. ज्याला आईबाप नाहीत ते मूल दत्तक घेतात. गाव काय पोरके आहे? पाचपन्नास पिढ्या त्या मातीत काढलेल्या माणसांना कालपरवा पदवी घेतलेल्या तरुणाने दत्तक घ्यावे, यात काहीतरी उलटे होत आहे, असे नाही का वाटत?

या बाबतीत इंदूरचे उदाहरण पाहण्यासारखे आहे. आपल्या वाचकांपैकी पुष्कळांचे ते घरचेच शहर. अल्बर्ट हॉवर्ड हा इंग्लंडातल्या एका शेतकऱ्याचा मुलगा. वनस्पतिशास्त्र शिकून तो १९०५ साली बिहारमधील पुसा येथे सरकारी शास्त्रज्ञ म्हणून आला. हिंदी शेतकऱ्याला सुधारलेली शेती शिकवावी, या अपेक्षेने त्याला नेमले होते. पण त्याने आधी आसपासची शेते डोळे उघडे ठेवून पाहिली. तेथली पिके निरोगी होती. त्यांवर कोणी औषधे फवारीत नव्हते, की विकतची खते घालीत नव्हते. तेव्हा त्याने ठरवले की, शेतकरी आणि पिकावरची कीड हेच आपले प्राध्यापक. शेतकरी काय करतो ते पाहायचे. आणि कीड पडली तर ती आपली कोठली चूक दाखवीत आहे, ते शोधायचे. अशा शिकवणीत त्याची बरीच वर्षे गेली. त्याची पत्नी गॅब्रिएल ही स्वतः केंब्रिजला शिकलेली शास्त्रज्ञ होती. या साऱ्या कामात ती त्याच्या बरोबरीने राबली.

पुढे १९२४ साली इंदूरला होळकर दरबाराने दिलेल्या सुमारे ३०० एकर जमिनीवर ‘इन्स्टिट्यूट ऑफ प्लान्ट इंडस्ट्री’ ही संस्था उभी राहिली, आणि हॉवर्ड तिचा संचालक झाला. आपल्याकडील शेतकऱ्याची अडचण त्याला ठाऊक होती. जळण नाही म्हणून शेणाच्या गोवऱ्या थापाव्या लागतात, आणि शेण चुलीत गेल्यावर शेताला काय उरणार? इंदूरला जी पद्धत तयार झाली तिच्यात थोड्याशा शेणाने ढीगभर काडीकचरा कुजवता येतो. पालापाचोळा, तण, उसाचे पाचट, गोठ्यातली गोमूत्र मुरलेली माती, चुलीतली राख हे सारे थराथराने रचायचे, वर शेणाचा काला शिंपडायचा, ओल टिकवायची आणि ठराविक दिवसांनी ढीग उलटायचा. साधारण तीन महिन्यांत काळे, भुसभुशीत खत तयार होते. कापसाच्या पऱ्हाट्या टणक असतात, लवकर कुजत नाहीत. म्हणून त्या शेतातल्या रस्त्यावर पसरीत. गाड्यांच्या चाकांखाली आणि बैलांच्या खुरांखाली त्यांचा आपोआप चुरा होई. यात महागडे यंत्र नाही, की परदेशातून आणावे असे काही नाही.

यात नवे ते काय? कुजलेल्या कचऱ्याचे खत चीनमधले शेतकरी शेकडो वर्षे करीत आले होते. एफ. एच. किंग नावाच्या अमेरिकन प्राध्यापकाने ते पाहून त्यावर पुस्तक लिहिले, ते १९११ साली प्रसिद्ध झाले. हॉवर्डने ते वाचले, त्यात हिंदी शेतकऱ्यांकडून शिकलेले मिळवले, प्रयोगशाळेत तपासले, आणि कोणालाही करता येईल अशा नियमांत ते बसवले. हे नियम त्याने कुलपात ठेवले नाहीत. १९३१ साली त्याने पुस्तक लिहून सर्व कृती मापांसकट जगापुढे मांडली. त्या पुस्तकावर त्याच्या शेजारी यशवंत वाड या इंदूरच्या सहकाऱ्याचे नाव लेखक म्हणून आहे. साहेब आणि त्याचा हिंदी सहायक यांची नावे एका मुखपृष्ठावर यावी, ही त्या काळात लहान गोष्ट नव्हती. आणि पद्धतीला नाव दिले तेही स्वतःचे नव्हे. जेथे काम झाले त्या संस्थानाच्या नावावरून ती ‘इंदूर पद्धत’ म्हणून ओळखली गेली. केनियातल्या कॉफीच्या आणि सिलोनातल्या चहाच्या मळ्यांपर्यंत ती याच नावाने पोचली. १९३५ साली गांधीजी इंदूरला आले, तेव्हा त्यांनीही हे काम पाहिले. त्या जागी पुढे कृषी महाविद्यालय झाले.

चिनी शेतकरी, अमेरिकन प्राध्यापक, बिहारचा कुणबी, इंदूरचे वाड, आणि तेथून आफ्रिका. या साखळीत दाता कोण आणि याचक कोण, हे कोणी सांगू शकेल काय? प्रत्येकाने आधी घेतले आहे, मग दिले आहे. म्हणून मी म्हणतो, याला दान हा शब्द लागू पडत नाही. हे ऋण आहे. एकाकडून घेतलेले आणि दुसऱ्याला फेडलेले.

आता उलट बाजूचे उदाहरण घेऊ. जखमेवर हळद दाबावी हे आपल्या कोणत्याही आजीला विचारा. पण १९९५ साली अमेरिकेतील मिसिसिपी विद्यापीठाच्या वैद्यकीय केंद्राला जखम भरून येण्यासाठी हळदीच्या वापराचे पेटंट मिळाले. ज्या संशोधकांच्या नावे ते होते, ते भारतीय वंशाचेच होते. म्हणजे हळदीची फक्की त्यांच्याही घरात असणारच. आपल्या वैज्ञानिक आणि औद्योगिक संशोधन परिषदेने या पेटंटाला आव्हान दिले. तेव्हा परिषदेचे प्रमुख होते गोव्यातील माशेल गावी जन्मलेले डॉ. रघुनाथ माशेलकर. हळदीचा हा गुण पूर्वीपासून माहीत होता हे जुन्या संस्कृत ग्रंथांतून आणि छापील लेखांतून दाखवून द्यावे लागले, आणि १९९७ साली ते पेटंट रद्द झाले. हे संशोधक मुद्दाम लुबाडायला निघाले होते असे म्हणण्याचा मला अधिकार नाही. पण दोष कोठे आहे ते स्पष्ट दिसते. आजीने जे सांगितले ते ‘ज्ञान’ नव्हे, आपण कागदावर मांडले तेव्हाच ते ज्ञान झाले, ही समजूतच सगळ्या घोटाळ्याचे मूळ आहे. ज्याला आपण कोणाचे देणे लागतो याची आठवण राहत नाही, तो सार्वजनिक विहिरीलाही कुलूप लावतो, आणि आपण गैर काही केले असे त्याला वाटतही नाही.

यावर कोणी विचारील, संशोधनाला पैसा लागतो, वर्षे लागतात. श्रम करणाऱ्याला मोबदला नको काय? प्रश्न रास्त आहे. कामकऱ्याला त्याची मजुरी मिळालीच पाहिजे. वीणा गवाणकर यांच्या १९८१ सालच्या पुस्तकामुळे मराठी घराघरांत पोचलेला जॉर्ज वॉशिंग्टन कार्व्हर घ्या. गुलामीत जन्मलेला हा शास्त्रज्ञ अलाबामातील टस्कीगी येथे शिकवीत असे. कापसाने निकस झालेल्या जमिनीत चवळी, भुईमूग, रताळी घ्या, असे तो गरीब शेतकऱ्यांना सांगे. शाळेपर्यंत येणे त्यांना परवडत नाही म्हणून १९०६ साली खेचरांच्या गाडीत अवजारे आणि बियाणे घालून शाळाच त्यांच्या दारी गेली. ज्यांना चार अक्षरेच वाचता येतात त्यांच्यासाठी त्याने सोप्या भाषेत पत्रके काढली. अशा कार्व्हरच्याही नावावर तीन पेटंटे होती. तेव्हा पेटंट घेणे हेच मुळी पाप, असे नव्हे. मोबदला घेताना आपल्याला शिकवणाराची आठवण ठेवली की नाही, एवढेच विचारायचे.

आठवण ठेवता येते. १९८७ साली केरळातील अगस्त्य पर्वतात काही शास्त्रज्ञ हिंडत होते. बरोबरचे काणी आदिवासी एक रानफळ खात आणि थकत नसत. त्या वनस्पतीपासून तिरुवनंतपुरमजवळील सरकारी वनस्पती संशोधन संस्थेने औषध तयार केले. ते कारखान्याला देताना मिळालेल्या रकमेचा निम्मा वाटा संस्थेने काणी लोकांसाठी ठेवला. वाटा ठेवला हे चांगलेच झाले. तरी आम्हां सगळ्यांना आधी विचारले नाही, अशी तक्रार काही काण्यांनी केली, तीही ऐकण्यासारखी आहे. ऋण फेडायचे ते पैशानेच फिटते असे नाही. ज्याचे देणे लागतो त्याला विचारात घेणे, हाही त्या फेडीचा भाग आहे.

अजून एक शंका राहते. शेतकऱ्याने हॉवर्डला शिकवले, काण्यांनी शास्त्रज्ञांना वाट दाखवली, हे ठीक. पण ज्यांनी मला काही शिकवले नाही त्यांचे मी काय देणे लागतो? याला साधे उत्तर असे की, विद्यापीठे सर्वांच्या पैशावर चालतात. साबणाची वडी घेणारी मोलकरीणही त्यासाठी कर भरते, आणि तिचा मुलगा कदाचित त्या विद्यापीठाच्या फाटकातही गेलेला नसतो. पण ख्रिस्ती माणसाला याहून खोल उत्तर ठाऊक आहे. रोमकरांस पत्र लिहिताना पौल स्वतःला शहाण्यांचा तसा अडाण्यांचाही देणेकरी म्हणवतो. त्या लोकांनी त्याला काय दिले होते? काहीच नाही. त्याला मिळाले होते ते देवाकडून, फुकट. आणि जे फुकट मिळाले त्याचा धनको तो, ज्याला त्याची गरज आहे. धन्याचे द्रव्य जमिनीत पुरून ठेवणाऱ्या दासाने चोरी केली नव्हती, एक पैही उधळली नव्हती. तरी तो दोषी ठरला. ते द्रव्य आपले नव्हे, हे तो विसरला.

आता आपल्याकडे वळू. आपल्यापैकी थोडेच जण विद्यापीठात शिकवतात. पण रविवारच्या शाळेत शिकवणारे, तरुण संघाबरोबर खेड्यात आरोग्य शिबिराला जाणारे, वस्तीत रात्रीचे वर्ग चालवणारे पुष्कळ आहेत. या सर्वांनी कामाला निघण्यापूर्वी स्वतःला काही गोष्टी विचाराव्या. आपण जेथे जातो तेथल्या माणसांना काय हवे, हे त्यांना विचारले काय, की आपणच ठरवून आलो? त्यांच्याकडून जे शिकलो, ते अहवालात त्यांच्या नावानिशी लिहिले काय? आणि आपण परत गेल्यावर ते काम त्यांच्या हातून पुढे चालेल काय, की आपल्याबरोबरच गाडीत बसून निघून जाईल? या प्रश्नांना ज्याला होकारार्थी उत्तर देता येत नाही, त्याने कितीही कष्ट केले असले तरी त्याने दान वाटले, ऋण फेडले नाही.

पाणी भरणाऱ्या बायकांना कोणती विहीर कोणत्या महिन्यात आटते ते ठाऊक असते. भूजलाचा नकाशा काढायला आलेल्या विद्यार्थ्याने आधी त्यांच्याजवळ बसावे. मंडळीतल्या म्हाताऱ्या आजीला जुन्या भजनांच्या चाली ठाऊक असतात. गायन शिकवणाऱ्या तरुण शिक्षकाने आधी तिच्याकडे जावे. वर्गातल्या ज्या मुलाला वचन पाठ होत नाही, त्याला कदाचित आजारी आईची सेवा कशी करावी ते शिक्षकापेक्षा जास्त कळत असेल. अशा माणसांपुढे शिष्य होऊन बसण्यात शिकलेल्याची मानहानी नाही. हॉवर्डची झाली नाही.

तेव्हा ‘ज्ञानदान’ हा शब्द सत्कारसमारंभात राहू द्यावा. लोक प्रेमाने म्हणतात, त्यांना टोकू नये. पण ज्याचा सत्कार होतो त्याने मनात हिशेब चोख ठेवावा. पुढच्या रविवारी वर्ग घेताना आपण कोणाकोणाचे देणे लागतो त्यांची नावे आठवावी, आणि त्यांतले थोडेतरी त्या दिवशी समोर बसलेल्या मुलांजवळ फेडून घरी यावे.