संपण्याची रीत

पेण तालुक्यातील जोहे गावी गेले असता घरोघरी गणपतीच्या मूर्तींच्या रांगा दिसतात. डोळे आखणारा कारागीर श्वास रोखून कुंचला फिरवीत असतो. आणि ही मूर्ती दीड दिवसाने, फार तर अनंत चतुर्दशीस, पाण्यात जावयाची हे त्यास पक्के ठाऊक असते. जी वस्तू नाहीशीच व्हावयाची, तिच्यावर एवढे कौशल्य खर्चणे शहाणपणाचे काय? या प्रश्नाबरोबर मला आठवला तो पाव्हेल याब्लोच्कोव्ह हा रशियन संशोधक.

त्याच्यापूर्वीच्या आर्क दिव्यांत कोळशाच्या दोन कांड्या टोकास टोक करून बसवीत. त्या जळत, मधले अंतर वाढे आणि ज्योत विझे. म्हणून त्यांस सारखे जवळ सरकविणारे घड्याळवजा यंत्र लागे. १८७६ साली याब्लोच्कोव्हने दोन्ही कांड्या शेजारी-शेजारी उभ्या केल्या व मध्ये चिनी मातीचा किंवा प्लॅस्टरचा थर घातला. कांड्यांबरोबर थरही झिजे, त्यामुळे अंतर कायम राही. एकाच दिशेच्या प्रवाहात धन कांडी सुमारे दुप्पट वेगाने जळते, यास्तव त्याने उलटसुलट वाहणारा प्रवाह योजिला. झिजण्याशी झगडण्याऐवजी त्याने झिजणेच कामास लावले! १८७८ साली पॅरिसमधील ऑपेराचा राजरस्ता या 'मेणबत्त्यांनी' उजळला. एक मेणबत्ती दीड-दोन तासांत संपे. पुढे बल्ब आला, ती मागे पडली, आणि १८९४ साली तिचा जनक सारातोव्ह येथे दारिद्र्यात वारला.

त्याचे श्रम वाया गेले, असे आमचे हिशेबी स्नेही म्हणतील. मला ते पटत नाही; त्या रात्री वाटसरूंस रस्ता दिसला, हे काही खोटे नव्हे. तथापि येथे एक अडचण आहे, आणि ती नेमकी प्लॅस्टरचीच. मेणबत्तीत ते कांडीबरोबर संपे. मूर्तीत तसे होत नाही. शाडू पाण्यात विरतो, प्लॅस्टर मात्र महिनोन्‌महिने राहते व ओहोटीस भंगलेले हातपाय किनाऱ्यावर येतात. विसर्जन म्हणावे ते हे नव्हे. केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाने २०२० साली प्लॅस्टरच्या मूर्तींस मनाई करणारी तत्त्वे काढली. पण शाडूची मूर्ती जड, वाळावयास सावकाश आणि महाग. गिऱ्हाइकास हवी हलकी व स्वस्त. सारा दोष कारागिराच्या माथी मारून आपण मोकळे होणे न्यायाचे नाही. मी स्वतः शाडूची मूर्ती मागितली, किंमत ऐकली, आणि शेजारच्या प्लॅस्टरच्या मूर्तीकडे माझी नजर वळली, हे मला कबूल केले पाहिजे.