पिंपळाखालचे निजलेले हनुमान
मध्य प्रदेशात सौंसरजवळ जामसांवलीला हनुमान पिंपळाखाली आडवे आहेत. देव निजलेत, असे भाविक म्हणतात. हे निजलेपण एकट्या दगडात शोधायला गेले तर हाती लागत नाही, कारण आडवे म्हणजे जमिनीला धरून आणि उभ्या बुंध्याच्या मानाने आडवे. तीच आकृती भिंतीला टेकवून उभी केली, तर तिला निजलेली कोण म्हणेल? गावाच्या वेशीवरचा मारुतीही असाच पाहावा. शेंदराचे थर चढत जातात, दगडाचे खाचखळगे एका रंगाखाली बुजतात, आणि चांदीचे दोन डोळे बसवले की आपली नजर नाक-तोंड आपणच जुळवून घेते. जवळच्या आणि सारख्या दिसणाऱ्या गोष्टी नजर एकत्र बांधते, हे मानसशास्त्रज्ञ माक्स वर्थहायमर यांनी १९२३ साली साध्या ठिपक्यांवरून दाखवले. आपल्याकडे न्यायसूत्रात हा वाद त्याच्या कितीतरी आधी झडला आहे. दुरून सुटी झाडे दिसत नाहीत, एकच रान दिसते. मग कुठलीही अखंड वस्तू अशीच भासत असेल, असा तिथला आक्षेप. सूत्रकार गौतमांनी तो मानला नाही.

मग दर्शन म्हणजे भ्रमच की, असे कोणी म्हणेल. इथे वेदान्त्यांनी केलेला एक भेद मला फार मोलाचा वाटतो. दोरीवर भासलेला साप दिवा आणला की जातो. स्फटिकाशेजारी जास्वंद ठेवली, तर स्फटिक रंगहीन आहे हे पक्के ठाऊक असूनही तो लालच दिसतो. म्युलर-लायर यांच्या १८८९ मधल्या, टोकांना आत-बाहेर वळलेले बाण असलेल्या दोन रेघाही पट्टीने सारख्या भरतात आणि तरी लहानमोठ्या दिसत राहतात. स्फटिकाची लाली स्फटिकाचा गुण म्हणून खोटी, पण शेजारी फूल आहे ही खबर ती खरीच देते. हनुमानाचे निजलेपणही असेच दगड, माती आणि झाड यांच्या नात्यात खरे आहे. देव तिथे आहे की नाही, याचा निवाडा यातून होत नाही, आणि नजरेच्या शास्त्राने तो करूही नये.

भाव असला की आजूबाजूला काय आहे याने फरक पडत नाही, हा दुसरा आक्षेप. तसे असते तर गाभारा अंधारा ठेवून समईचा उजेड मूर्तीच्या मुखावर कशाला पाडला असता? म्हणूनच २०२३ मध्ये जामसांवलीत ‘हनुमान लोक’ या मंदिर-परिसराच्या प्रकल्पाचे भूमिपूजन झाले, त्याकडे मी काळजीने पाहतो. मोठी दारे, फरसबंदी, सावलीची सोय यात्रेकरूंना हवीच. पण पिंपळ आणि मूर्ती एका नजरेत मावणार नाहीत असे काही मध्ये उभे राहिले, तर दगडाला कुणाचा हातही न लागता मूर्ती बदललेली असेल.