थेंबाचा हिशेब

गेल्या उन्हाळ्याच्या सुटींत क्रोएशिया देशांतील प्लित्वित्से सरोवरांचें राष्ट्रीय उद्यान पाहण्याचा योग आला. डोंगरउतारावर एकाखालीं एक अशीं १६ सरोवरें, वरच्याचें पाणी खालच्यांत झेंप घेत असलेलें. आणि अखेरीस, शेजारच्या ओढ्याचा ७८ मीटर उंचीवरून कोसळणारा ‘वेलिकी स्लाप’, म्हणजे मोठा धबधबा. लांकडी फळ्यांच्या वाटेवरून आपण चालत असतों आणि पाणी पायांखालून वाहत असतें. पण त्यांत उतरण्यास मनाई आहे. माझा दहा वर्षांचा पुतण्या मध्येंच थबकला आणि म्हणाला, “काका, मी नुसते पाय बुडवले तर काय बिघडणार आहे?”

“तसा नियम आहे,” असें सांगून मी पुढें चाललों. परंतु त्या उत्तरानें माझेंच समाधान होईना. त्याच्या दोन इवल्याशा पायांनीं खरोखर कांहींहि बिघडलें नसतें. शिवाय, हात लावल्यावांचून पाण्याची भेट झाली असें आपणांला वाटतच नाहीं. नदी दिसली कीं ओंजळभर पाणी घेऊन डोळ्यांना लावावें, ही आपली रीत. मग हा संयम पाळावयाचा तो कशासाठीं?

तेथील पाण्यांत चुनखडीचा अंश विरघळलेला असतो. पाणी उसळतांना त्यांतील कार्बन डायऑक्साइड वायु निघून जातो आणि चुना शेवाळावर बसतो. शेवाळाचा दगड होतो, त्या दगडावर नवें शेवाळ येतें. अनुकूल जागीं वर्षाला सुमारें एक सेंटिमीटर, अशा गतीनें हे बांध वाढतात, आणि बांध आहेत म्हणूनच सरोवरें आहेत. ‘थेंबें थेंबें तळें साचे’ ही म्हण आपण मुलांना काटकसर शिकवावयास सांगतों. येथें ती अक्षरशः डोळ्यांपुढें उभी आहे.

मात्र या म्हणीचा उपयोग आपण एकाच बाजूनें करतों. चांगल्याच्या हिशेबांत आपण थेंब मोजतों. वाइटाच्या हिशेबांत ‘एवढ्याशानें काय होतें?’ म्हणून तो सोडून देतों. देवळाच्या पेटींत टाकलेला आपला रुपया वायां गेला असें कोणी म्हणत नाहीं. परंतु किल्ल्याच्या भिंतीवर कोरलेलें आपलें नांव मात्र क्षुल्लक ठरतें.

यावर कोणी म्हणेल कीं, मी पाय आवरले म्हणून इतर लोक थोडेच आवरणार आहेत? आक्षेप खरा आहे. एकट्याच्या संयमानें सरोवर वांचत नाहीं. पण ज्या नितळ पाण्याचा मोह मला पडतो, तें नितळ राहिलें आहे तें माझ्याआधीं आलेल्यांनीं आपले पाय आवरले म्हणून. जी सवलत सर्वांना देण्यास मी तयार नाहीं, ती स्वतःला घेणें म्हणजे दुसऱ्यांच्या संयमावर फुकट चैन करणें होय. येथें प्रश्न पाण्याच्या हानीचा नाहीं. तो माणसामाणसांमधील न्यायाचा आहे.

अर्थात् आपण अगदींच निर्दोष आहों, अशा भ्रमांतहि राहूं नये. अलीकडे वर्षाला दहा लाखांहून अधिक माणसें या उद्यानांत येतात. ज्या फळीवर उभा राहून मी हा विचार करीत होतों, तीहि त्या पाण्यावरचा भारच. भार मुळींच न होतां पाहणें शक्य नाहीं; तो कमी करणें एवढेंच हातीं असतें.

संध्याकाळीं कोझ्याक सरोवरावरून विजेच्या नावेनें परततांना मुलानें विचारलें, “तो बांध आज किती वाढला असेल?” केसाच्या जाडीहूनहि कमी, असें मीं सांगितलें. “एवढासाच?” तो म्हणाला, आणि गप्प झाला. हा प्रश्न आणि सकाळचा प्रश्न एकच आहे, हें त्याला तेव्हां कळलें असावें. मला तें कळावयास सारा दिवस लागला होता.