बार कशाचा भरायचा?

१९७२ चा दुष्काळ. आमच्या जालना भागात रात्री चोरांची लई भीती. वडलांकडं पिकाच्या राखणीसाठी परवान्याची ठासणीची बंदूक होती. भावकी म्हणाली, "शिशाची गोळी भरा." वडलांनी नुसती दारू अन् चिंधी ठासली. म्हणाले, "दाराच्या पत्र्यातून गोळी आरपार जाईल. समोरच्या घरात तुमचीच लेकरं निजतात. अन् चोर तरी कोण? पोटाला न मिळालेलाच की."

आवाजानं माणूस पळतो, गोळीनं पडतो. पडलेला पुन्हा उठवता येत नाही.

पण चोर हत्यार घेऊन आला असता तर? घरात नातवंडं झोपली की हा प्रश्न मला आजही छळतो. तरी बार भरायची वेळ आलीच, तर पत्र्यापलीकडं कोण निजलंय ते मी आधी बघीन.