परतीची वाट

ज्या वाटेने गेलो त्याच वाटेने परत यायचे असते, हे आपण इतक्या लहानपणी मनाशी पक्के केलेले असते की ते केवळ गृहीतक आहे याचेही भान पुढे उरत नाही. लिनक्सच्या एखाद्या सर्व्हरला दोन नेटवर्क कार्डे बसवावीत, दोन्हींना वेगवेगळ्या कंपन्यांच्या जोडण्या द्याव्यात, आणि दूरच्या कुणीतरी दुसऱ्या कार्डाच्या पत्त्यावर हाक मारावी, की हे गृहीतक उघडे पडते. हाक दारापर्यंत पोहोचते, पण उत्तर जात नाही. नकार नाही, त्रुटीचा संदेश नाही, लॉगमध्ये एक ओळही नाही. या कामात ज्यांची उमेदीची वर्षे गेली त्यांना ठाऊक आहे की दमवणारा दोष असतो तो असा अबोल, कारण नकाराशी वाद घालता येतो, मौनाशी येत नाही.

मार्ग कोणालाच संपूर्ण ठाऊक नसतो, ही या साऱ्या रचनेची मला सदैव विस्मित करणारी गोष्ट. पूर्वी परमुलखात निघालेला वाटसरू जसा फक्त पुढच्या गावाची वाट विचारी आणि तिथे पोहोचल्यावर त्याच्या पुढची, तसेच पॅकेट एकेका राउटरच्या ज्ञानावर विसंबून पुढे सरकते. कर्नेल आपले राउटिंग टेबल पाहतो, पत्त्याच्या ३२ बिटांपैकी सुरुवातीची सर्वाधिक बिटे ज्या नोंदीशी जुळतील तिचा कौल मानतो, आणि काहीच जुळले नाही तर एकही बिट न तपासणाऱ्या, म्हणून सर्वांना सामावून घेणाऱ्या डिफॉल्ट राउटला शरण जातो. पाणिनीय परंपरेत उत्सर्ग आणि अपवाद यांचे जे नाते आहे, सामान्य नियमाने सर्वत्र पसरावे आणि विशेष नियमाने आपल्यापुरती जागा त्याच्याकडून काढून घ्यावी, तेच नाते इथे, व्याकरणाशी कसलाही संबंध नसलेल्या माणसांनी, पुन्हा एकदा शोधून काढले. अनंताला थोडक्या नियमांत बसवू पाहणारी बुद्धी बहुधा याच वळणावर येऊन पोहोचत असावी.

शोध घ्यायचा तर साधने आहेत, पण त्यांची दृष्टी अर्धी आहे. माइक मूस यांनी १९८३च्या डिसेंबरात लिहिलेला पिंग जाणे आणि येणे मिळून लागलेला वेळ एकाच आकड्यात सांगतो. त्यातले जाणे किती आणि येणे किती, हे त्या आकड्यातून कळत नाही. व्हॅन जेकबसन यांचा ट्रेसराउट अधिक चतुर. तो पॅकेटला मोजके आयुष्य देऊन पाठवतो, प्रत्येक राउटर त्यातला एक अंश कमी करतो, आणि जिथे ते आयुष्य शून्य होते तिथून मृत्यूची वार्ता परत येते. अशा वार्तांमधून वाटेचे चित्र उभे राहते. मात्र ते चित्र जाण्याच्या वाटेचे. वार्ता कोणत्या रस्त्याने परतली, याविषयी ट्रेसराउट काहीच सांगत नाही, आणि आपणही त्याला विचारत नाही.

म्हणून अखेरीस येणारी-जाणारी पॅकेटे दाखवणारा टीसीपीडंप लावून कार्डाच्या उंबरठ्यावर कान द्यावा लागतो. तिथे दिसते की पॅकेट आले आहे, तरी वरच्या प्रोग्रामला त्याचा पत्ता नाही. मधल्या त्या अंधाऱ्या पायरीवर कर्नेलचा आरपी फिल्टर उभा असतो. तो एकच प्रश्न विचारतो: या प्रेषकाला मला उत्तर पाठवायचे असते, तर मी याच कार्डातून पाठवले असते का? डिफॉल्ट राउट पहिल्या कार्डावर, पॅकेट आले दुसऱ्यावर. तेव्हा उत्तर ‘नाही’, आणि पॅकेट निमूट टाकून दिले जाते. अशा पॅकेटांची नोंद ठेवण्याची सोय आहे, ‘मार्शियन’, म्हणजे मंगळावरून आलेले, या नावाने. ती बहुधा बंदच असते.

या संशयाला इतिहास आहे. खोटा प्रेषक लिहून पॅकेटांचा पूर सोडणाऱ्यांनी इंटरनेटला पुरते जेरीस आणले, तेव्हा २००० साली आरएफसी २८२७ या इंटरनेटच्या दस्तऐवजाने प्रत्येक जाळ्याच्या वेशीवर प्रेषकाची खातरजमा करण्याचा आग्रह धरला. २००४च्या आरएफसी ३७०४ने मात्र मान्य केले की ज्यांना दोन दारे आहेत त्यांच्याकडे कडक तपासणीत प्रामाणिक पॅकेटेही बळी पडतात. जखमेतून आलेल्या सावधगिरीला निरपराध पाहुणाही परका वाटू लागतो. यंत्राने हे आपल्याकडूनच घेतले आहे. पण दोष शोधताना जुन्या ‘राउट’ आज्ञेने फक्त मुख्य टेबल पाहून थांबणाऱ्याला त्या टेबलाच्या आधी बोलणारे नियम दिसतच नाहीत. लिनक्स एकाच टेबलावर चालत नाही. कोणते टेबल केव्हा वाचायचे हे ‘आयपी रूल’ ठरवतो. तिथेच उपायही आहे.

म्हणून तुम्हाला कधी हे मौन भेटले, तर घाईने फिल्टर शून्यावर नेऊन बंद करू नका. त्याने हाक आत येईल, पण उत्तर पहिल्याच दाराने, दुसऱ्या दाराचा पत्ता मिरवत बाहेर पडेल आणि पुढच्या जाळ्याच्या वेशीवर अडवले जाण्याचा संभव राहील. त्याऐवजी दुसऱ्या पत्त्यासाठी वेगळे टेबल करा, त्यात दुसऱ्या कंपनीचा गेटवे लिहा, आणि या पत्त्यावरून निघणारे सारे त्याच टेबलाकडे पाठवणारा एक नियम जोडा. उलट दिशेची विचारणा करताना कर्नेल तोच नियम वाचतो. मग कडक फिल्टर तसाच ठेवला तरी पॅकेट आत येते, आणि उत्तर आल्या दाराने परत जाते.